बाहेरचा पार्ट

माझ्या नवऱ्याचं आणि माझ्या भावाचं बोलणं तुटलं ते एका लोखंडी दांड्यावरून. स्टिअरिंग फिरवलं की हा दांडा सरकतो आणि गाडीची पुढची दोन्ही चाकं एकदम वळतात. गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय तो दिसतसुद्धा नाही. लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला चूल आणि विहीर कळत होती, गाडीतलं काही कळत नव्हतं. पुढं त्या दांड्याबद्दल इतकं ऐकावं लागलं की आज अंधारात हातात दिला तरी ओळखीन.

नवरा फौजेत ड्रायव्हर होता. बांगलादेशची लढाई संपली आणि वर्षभरात तो पेन्शनवर घरी आला. उंब्रजजवळ त्यांची जमीन होती, थोडा ऊस होता, पण तीन भावांत ती किती पुरणार? शिवाय ह्याचं मन शेतात नव्हतंच. "आयुष्यभर चाक फिरवलं, आता पाण्याची दारं मोडत बसू व्हय उसात?" म्हणायचा. मग फंडाचे पैसे घालून त्यानं एक जुनी गाडी घेतली, टॅक्सीचं परमिट काढलं आणि आम्ही सातारला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दिवाळी ते मे महाबळेश्वरची टुरिस्ट मंडळी, पावसाळ्यात सातारच्या स्टँडवरून मिळेल ते भाडं. सकाळी गाडी धुताना तो तिच्याशी बोलायचा. मी चहा घेऊन जायची तेव्हा गप्प व्हायचा.

माझा भाऊ सांगलीत मेकॅनिक होता. मिरजेच्या रस्त्याला पत्र्याची शेड, पुढं लिंबाचं झाड, आणि तिथं हळदीच्या व्यापाऱ्यांचे ट्रक कायम उभे. आई लवकर गेली म्हणून त्याला मीच वाढवला होता. तोंडानं फटकळ, बढाईखोर, पण माझा म्हणून मला प्यारा. गाडीचा विमा त्यानंच सांगलीच्या एका ओळखीच्या एजंटाकडून काढून दिला. माझ्या नवऱ्यानं फुल विमा घ्यायचं ठरवलं. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर फक्त कायद्यापुरता, समोरच्याच्या नुकसानीचा विमा काढायचे आणि ह्याला हसायचे.

"हसू द्यात," तो म्हणायचा. "आता विमा सरकारी झालाय. सरकार कुटं बुडतंय व्हय?"

फौजेत राहून आलेल्या माणसाचा सरकारी शिक्क्यावर असा विश्वास असतो. मलाही तो बरोबरच वाटला होता.

पहिला अपघात पसरणीच्या घाटात झाला. पाऊस संपत आला होता, रस्ता ओला होता. वरून बटाट्याचा ट्रक उतरत होता. त्याला वाट देताना आमची गाडी कठड्यावर घासली आणि पुढचं डावं चाक दगडावर आदळलं. गाडीत दोन माणसं होती, कुणाला खरचटलंही नाही. पण मडगार्ड चेपलं, दिवा फुटला, बंपर लोंबायला लागला आणि खालचा तो दांडा वाकला. दांडा वाकल्यावर गाडी चालवता येईना. ओळखीच्या ट्रकमागं बांधून ती सांगलीला भावाच्या शेडमध्ये नेली.

विम्याचा नियम असा की त्यांचा माणूस येऊन बघेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. आम्ही वाट बघत बसलो. दिवाळी जवळ आली, सीझन तोंडावर आला, तेव्हा कुठं सर्व्हेअर आला. मी तेव्हा माहेरीच होते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. माणूस स्वच्छ होता. कॉलरखाली रुमाल, पायात पॉलिश केलेले बूट. भावानं चहा मागवला तर तो घेतला नाही, खुर्चीवरची धूळ पुसून दिली तर बसलाही नाही. त्यानं लाच खाल्ली असती तर पुढं त्याच्यावर राग धरणं मला सोपं गेलं असतं. त्यानं खरंच कधी कुणाचं काही खाल्लं नाही.

भावानं दुरुस्तीचा अंदाज लिहून दिला होता. साहेब एकेक ओळ वाचत पेन्सिलीनं कापत गेला. मडगार्ड नवीन नाही, ठोकून सरळ करा. दिव्याची काच मंजूर. रबराचं सामान अर्ध्या किमतीत, कारण रबर झिजतं. गाडी जुनी म्हणून उरलेल्यातूनही घसारा. मग तो दांड्यापाशी आला.

"हा कंपनीचा कशाला लिहिलाय?"

"सायेब, स्टिअरिंगचं काम हाय," भाऊ म्हणाला. "पत्रा म्हणाल तसा ठोकून देतो. दिवा कसला बी चालतोय. ह्यो एक तेवढा ओरिजनल घालू द्या."

"बाजारात लोकल मिळतो की. इथं सांगलीतच मिळतो. चौथ्या हिश्शाच्या किमतीत."

"मिळतोय. पर मी माझ्या गिऱ्हाइकाला तो घालत न्हाई."

"मग घालू नका," साहेब शांतपणे म्हणाला. "कंपनीचाच घाला, वरचे पैसे तुमच्या पाहुण्यांकडून घ्या. आम्ही लोकलची किंमत मंजूर करणार. बाजारात स्वस्त वस्तू असताना महाग वस्तूचे पैसे सरकारनं का द्यावेत?"

आणि त्यानं भावानं लिहिलेल्या ओळीवर काट मारून शेजारी आपल्या हातानं 'लोकल' असं लिहिलं.

साहेब गेल्यावर भाऊ आणि नवरा लिंबाखाली बसले. भाऊ म्हणाला, "दाजी, कंपनीचा दांडा पुण्यासनं मागवाय लागंल. पैशाचं बगू आपण, मी घालीन थोडं. पर तिथं बी स्टॉक न्हाई. नंबर लावला तर संक्रांतीला हातात यील."

"संक्रांतीला?" नवरा उसळला. "आनि सीझन? दिवाळीत गाडी स्टँडला लागली न्हाई तर माझा नंबर जातोय. वर्सभर काय खाऊ?"

"मग?"

"मग काय मग. घाल लोकल. सायबानंच लिवून दिलाय न्हवं? विम्याचा सायेब म्हणतोय म्हंजे त्येला बी काय तरी कळत असंलच की."

भावानं दांडा आणला. बसवण्याआधी तो घासून बघितला, पिळून बघितला, फरशीवर आपटून त्याचा आवाज ऐकला. मग गाडीखाली गेला. मी शेडच्या दारात उभी होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढं ह्यातलं प्रत्येक वाक्य कुणी ना कुणी नाकारलं.

गाडी त्या सीझनला चालली, पुढच्या सीझनलाही चालली. आंबेनळीचा घाट, केळघरचा घाट, सगळीकडं फिरली. दांड्यानं एक शब्द काढला नाही.

दुसरा अपघात सपाट रस्त्यावर झाला. कऱ्हाडला लग्नाचं भाडं सोडून नवरा रिकामा परतत होता. संध्याकाळची वेळ, उसाचा हंगाम. उंब्रजच्या अलीकडं उसाची बैलगाडी रस्त्यात आडवी झालेली, तिला कंदील नाही. बैलांना वाचवायला त्यानं स्टिअरिंग कापलं, बैल वाचले, गाडी जाऊन वडाच्या झाडावर बसली. त्या बैलगाडीवाल्यांनीच त्याला बाहेर काढलं आणि एका ट्रकमध्ये घालून सातारच्या सिव्हिलला आणलं. मांडीचं हाड मोडलं होतं.

मी पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. पाय वजन बांधून वर टांगलेला, तोंड सुजलेलं. मला बघून पहिलं बोलला ते हे:

"गाडी बरोबर वळली बग. लय झ्याक वळली. पर झाड काय बाजूला हुतंय व्हय?"

आणि हसायला गेला तर कळ आली. हे वाक्य त्यानं भावालाही सांगितलं, पोलिसांनाही सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही सांगितलं. गाडी बरोबर वळली. त्याला स्वतःच्या हातांचा अभिमान होता.

गाडी पुन्हा सांगलीला गेली. पुन्हा तोच सर्व्हेअर आला, पुन्हा त्यानं चहा घेतला नाही. पुढचा सगळा भाग वडाच्या बुंध्यानं आत घातला होता. इंजिन मागं सरकलं होतं, रेडिएटरचा चुराडा झाला होता. खालचा दांडा मधोमध तुटून दोन तुकडे झाले होते. साहेब बराच वेळ त्या तुकड्यांकडं बघत राहिला, असं भावानं मला सांगितलं. मग त्यानं विचारलं, "हा पार्ट कंपनीचा नाही ना?"

भाऊ म्हणाला, "न्हाई. तुमीच मंजूर केलेला हाय."

साहेबानं ते लिहून घेतलं नाही. फक्त 'नाही' एवढं लिहून घेतलं.

काही महिन्यांनी भावाच्या शेडच्या पत्त्यावर पत्र आलं. इंग्रजीत होतं. भावानं ते एका जैन व्यापाऱ्याकडून वाचून घेतलं आणि धावत सातारला आला. गाडीला स्टिअरिंगचा भाग बाहेरचा, कंपनीचा नसलेला बसवला होता. तो तुटल्यामुळं गाडी ताब्यातून गेली. विमेदारानं गाडी सुस्थितीत ठेवली नाही. सबब भरपाई देता येत नाही.

नवऱ्याला उठता येत नव्हतं. म्हणून मी भावाबरोबर सांगलीच्या विमा कचेरीत गेले. वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांचा जिना, आत पंख्याखाली टेबलं. सर्व्हेअर तिथं नव्हता, त्याच्या वरचे अधिकारी होते. वयस्कर गृहस्थ होते, बोलायला नम्र. मला 'बाई, बसा' म्हणाले. मी पहिल्या दुरुस्तीचा कागद पुढं ठेवला. त्यावर सर्व्हेअरच्या अक्षरात 'लोकल' लिहिलेलं होतं.

"साहेब, हा पार्ट आम्ही आमच्या मनानं नाही बसवला. तुमच्याच माणसानं लावायला सांगितला."

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. दोनदा वाचला.

"बाई, आम्ही लावायला नाही सांगितला," ते म्हणाले. "आम्ही फक्त त्याची किंमत मंजूर केली."

मला आधी ते वाक्य समजलंच नाही. भावाला समजलं. तो उभा राहिला.

"म्हंजे पैसे कापताना लोकल चालतोय, आनि पैसे द्यायची येळ आली की चालत न्हाई?"

"कोणता पार्ट बसवायचा हा गाडीमालकाचा आणि मेकॅनिकचा प्रश्न आहे. मेकॅनिक आपणच ना?"

"व्हय, मीच."

"मग आपणच सांगा. तो पार्ट आपल्याला योग्य वाटला होता का?"

भाऊ पुन्हा खाली बसला. काय बोलणार? वाटला होता म्हणावं तर सगळं त्याच्या अंगावर, नव्हता म्हणावं तर मग का बसवला. मी म्हणाले, "साहेब, दांडा झाडावर आदळून तुटलाय. आधी नाही तुटला. माझा नवरा सांगतोय, गाडी बरोबर वळली म्हणून."

"तसं ते सांगणारच," अधिकारी म्हणाले. त्यांचा आवाज अजूनही नम्रच होता. "त्यांचा त्यात फायदा आहे."

आम्ही जिना उतरलो. खाली भावानं मला उसाचा रस घेऊन दिला आणि स्वतः घेतला नाही.

पुण्याला अर्ज केला, मुंबईला केला. उत्तरं आली, पण प्रत्येक उत्तरात पहिल्या पत्रातलीच वाक्यं होती. सातारच्या एका वकिलानं कागद बघून सांगितलं की केस चांगली आहे, पण वर्षं जातील, आणि तोवर दांड्याचे तुकडे नीट जपून ठेवा. मी तुकडे जपून ठेवण्यापेक्षा स्टँडवरच्या ड्रायव्हरांना डबे करून द्यायला लागले. घरात दोन मुलं होती.

आणि त्याच दिवसांत, खाटेवर पडल्यापडल्या, माझ्या नवऱ्यात फरक पडत गेला.

हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. महाबळेश्वरच्या स्टँडवरचा नंबर गेला. संध्याकाळी भेटायला येणारे ड्रायव्हर यायचे कमी झाले. तो ते इंग्रजी पत्र उशाशी ठेवायचा. फौजेत शिकलेलं मोडकंतोडकं इंग्रजी लावून एकेक शब्द वाचायचा. एक दिवस मी भाकरी थापत होते, तर आतून म्हणाला, "स्टिअरिंग थोडं ढिलं लागत हुतं."

"कवा?" मी विचारलं.

"आदीपासनं. कऱ्हाडहून निघालो तवापासनं."

"आवं, तुमी तर म्हणत होता..."

"तवा शुद्धीत हुतो का मी?"

पुढच्या आठवड्यात ते थोडं ढिलं स्टिअरिंग चांगलंच ढिलं झालं. महिन्याभरानं त्याला दांडा तुटल्याचा आवाजही आठवायला लागला. बैलगाडी लांब होती, आपण आरामात वळलो असतो, पण खाली कट् झालं आणि चाकं ऐकेनाशी झाली, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागला. मी समोर असले की माझ्याकडं न बघता सांगायचा. त्याचं मला कळत होतं. विमा कचेरीच्या जिन्यावर तो ह्या पायानं चढू शकत नव्हता, त्या नम्र अधिकाऱ्याची कॉलर धरू शकत नव्हता. राग काढायला हाताशी माणूस हवा होता. पत्रात लिहिलेलं मान्य केलं की असा माणूस मिळत होता.

भाऊबीजेला भाऊ आला. दरवर्षी यायचा तसाच, पेढ्यांचं खोकं घेऊन. त्या वेळी त्यानं मनाशी काही ठरवून आणलं होतं. बसायच्या आधीच म्हणाला, "दाजी, गाडी मी उभी करतो. मजुरी नगं, सामानाचं हळूहळू बगू. चार महिने द्या मला."

नवरा खाटेवर बसला होता. म्हणाला, "कसलं सामान घालनार? लोकल?"

भावाचा चेहरा उतरला. "दाजी, असं का बोलताय?"

"मग कसं बोलू? तुज्या पार्टनं माझं हाड मोडलं."

"माज्या पार्टनं? तुमीच म्हणाला न्हवं घाल म्हणून? आक्का, तू हुतीस की तितं. सांग की."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. ओवाळायचं ताट माझ्या हातात होतं. मी म्हणाले, "व्हय, होते मी. ह्यांनीच सांगितलं. आणि सिव्हिलमध्ये हेच म्हणाले गाडी बरोबर वळली म्हणून."

नवरा हळूच म्हणाला, "भावाची बाजू घेनारच तू." कचेरीतल्या अधिकाऱ्यानं जसं म्हटलं होतं, जवळजवळ तसंच. मग भावाला म्हणाला, "विम्याच्या सायबाला काय माझ्याशी वैर हाय? शिकलेला मानूस हाय त्यो. त्यानं तपासून लिवलंय."

"त्यानं लिवलंय!" भाऊ ओरडला. "त्यानंच तर आदी लोकल लिवलंय! माज्या शेडमदी उबा ऱ्हाऊन!"

"बाहेर हो."

भाऊ ओवाळून न घेता गेला. पेढे राहिले. मुलांनी खाल्ले, त्यांना काय कळत होतं?

गाडी नवऱ्यानं भंगारात विकली, तीही सांगलीतल्याच माणसाला, आणि भावाला न कळवता; तो माणूस शेडमधून ती न्यायला आला तेव्हा भावाला कळलं. दुसऱ्या वर्षी मी सातारच्या स्टँडवर डबे द्यायला गेले तेव्हा ती मला तिथं उभी दिसली. रंग बदलला होता, पण मागच्या दारावरचा पोचा मी ओळखला. ड्रायव्हर कोवळा होता, माण भागातला. मी त्याला विचारलं, "विमा हाय का रं गाडीचा?"

"व्हय मावशी, फुल हाय. मालकानं काढलाय."

"आणि खालचा दांडा कंपनीचा हाय का?"

तो हसला. "आता कंपनीचं काय ऱ्हायलंय तिच्यात?"

मी त्याचा डबा दिला आणि पुढं गेले. त्याला काही सांगावंसं वाटलं होतं. पण सांगून त्यानं काय करायचं होतं? नोकरी सोडायची होती?

नवऱ्याला नंतर एका साखर कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली. पुन्हा गाडी चालवली नाही. कुणी बोलवलं तरी मागच्या सीटवर बसायचा आणि बाहेर बघायचा. भावाच्या शेडमध्येही काम कमी झालं. 'ह्याचा पार्ट तुटून पाहुण्याचा पाय गेला' ही गोष्ट हळदपेठेत पसरली होती. ती कुणी पसरवली ते शोधायला मला लांब जावं लागलं नसतं. माझ्या मुलीच्या लग्नाला मामा आला नाही. आला असता तरी त्याला मांडवात कुणी उभं केलं नसतं, हे त्यालाही माहीत होतं.

खूप वर्षांनी, नवरा निवृत्त झाल्यावर, एका दुपारी तो ओसरीवर शांत बसला होता. मला वाटलं आता विचारावं.

"आवं, खरं सांगा. दांडा झाडाच्या आधी तुटला होता का नंतर?"

तो तळहात उलटे करून बघत बसला. मला वाटलं, येतंय आता ओठावर.

"मला आता याद न्हाई," तो म्हणाला. "कागदात लिवलंय तसंच असंल."

पुढं नवरा वारला, तेव्हा तिसऱ्या दिवशी भाऊ आला. केस पांढरे, हात अजून काळे. बायकांत बसलेली मी उठून बाहेर आले आणि कोपऱ्यात उभं राहून ते उत्तर त्याला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं तो चिडेल, निदान एखादी शिवी तरी देईल.

"बरं," भाऊ म्हणाला. मग विचारलं, "तुला काय लागलं सवरलं तर हाय का गं कोन?"

मी म्हणाले, "हाय, पोरं हाईत." त्यानं मान डोलावली, चपला घातल्या आणि साडेचारची सांगली गाडी गाठायची म्हणून निघाला.